बिनतारी सेवेचा पाया तारेतच!

महाविद्यालयाचा परिसर ‘वाय-फाय’ झाल्याची घोषणा होते, तेव्हा चर्चा छतावरील अ‍ॅक्सेस पॉइंटची होते. त्यामागच्या केबलची नव्हे. वस्तुतः या यंत्राला वीज आणि माहिती बहुधा एकाच केबलमधून मिळते. यंत्रे काही वर्षांत बदलतात; भिंतीतील केबल मात्र त्यांच्या दोन-तीन पिढ्यांना पुरावी लागते. केबलमधून वीज देण्याचे २००३चे मानक १५.४ वॉटचे होते. २०१८मध्ये ही मर्यादा ९० वॉटवर गेली. वेगाचेही तसेच. ‘कॅट-६ए’ केबल १० गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत पेलते. ‘कॅट-६’ अनुकूल स्थितीतही ५५ मीटरपर्यंतच. त्यामुळेच अमेरिकेतील ‘टीआयए’ या संस्थेने प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी दोन ‘कॅट-६ए’ केबलची शिफारस केली आहे.

१०० मीटरच्या मर्यादेमुळे लांबलचक इमारतींत स्विचच्या खोल्यांची जागाही आराखड्यातच ठरवावी लागते. जुन्या दगडी भिंती लहरी अडवतात. तेथे प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही. निविदेत स्वस्त केबल निवडून वाचवलेला पैसा पुढे भिंती फोडण्यात खर्ची पडतो आणि खोळंबा विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो.