निवेदकाची सही कोठे आहे?

वेलचेरीच्या दक्षिणेस पळ्ळिकरणैची दलदल आहे. २०२२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरले, की बदलीवर आलेला एखादा मराठी गृहस्थ लेख लिहावयास बसतो. त्यात आकाशाचे रंग असतात, लेखकाचे गहिवर असतात. पक्ष्यांची वाट ज्याने दाखविली तो मात्र ‘एका स्थानिकाने सांगितले’ एवढ्या तीन शब्दांत गाडला जातो. आपले निसर्गलेखन उसन्या डोळ्यांनी पाहते आणि सही स्वतःची करते, असा माझा स्पष्ट आरोप आहे.

याच मुलुखातील इरुळ जमातीचे पाहा. मातीवरील पुसट मागावरून साप हुडकणारी ही माणसे. कातड्यांच्या व्यापारावर बंदी आल्यावर १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. देशात प्रतिविष बनविण्यास लागणारे विष मुख्यतः येथूनच जाते. कोकणातील भातखाचरात घोणस चावलेला शेतकरी वाचतो, तो बहुधा यांच्याच विद्येमुळे. २०२३ साली वडिवेल गोपाल व मासी सडैयान या दोघा इरुळांना पद्मश्री मिळाली. सरकारला नावे सापडली. साहित्याला ती सापडू नयेत काय?

कोणी म्हणेल, ही माणसे निरक्षर; ती लिहिणार कशी? हा युक्तिवाद मराठी माणसाने तरी करू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि १९५२ साली ती त्यांच्याच नावाने, त्यांच्याच बोलीत प्रसिद्ध झाली. पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते; तरी आईचे धन त्यांनी आपल्या खात्यावर जमा केले नाही.

प्रश्न केवळ सौजन्याचा नव्हे. रान राखण्याचे नियम ठरतात तेव्हा लेखकाच्या हळहळीला साक्षीचा मान मिळतो, आणि रानात जगणारा अतिक्रमक ठरतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास सामूहिक वनहक्क मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले.

आपण कचेरीतील माणसे. निवेदनाखाली निवेदकाची सही वा अंगठा नसेल, तर आपण कागद पुढे सरकवीत नाही. हाच नेम लेखणीला का नसावा? वाटाड्याचे नाव विचारा, त्याचे बोलणे त्याच्याच वळणाने उतरवा, लिहिलेले त्याला वाचून दाखवा, आणि त्याची संमती असेल तर आपल्या नावाआधी त्याचे नाव घाला. एवढी तयारी नसेल, तर लेखणी खाली ठेवावी. आपल्या वर्णनावाचून रोहित पक्ष्यांचे काही अडलेले नाही.