स्वस्त वस्तूंचा महाग कचरा : जोयड्याचा धडा

अनमोड घाट चढून गेले की गोव्याची हद्द संपते आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका सुरू होतो. पूर्वी हा सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदीवरील धरणात सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. याच तालुक्यात डिगीजवळ उगम पावणारी काळी 184 किलोमीटर वाहत कारवारजवळ समुद्राला मिळते. दांडेली आणि अंशीच्या वनक्षेत्रांतून साकारलेल्या व्याघ्र प्रकल्पालाही 2015 मध्ये तिचेच नाव देण्यात आले.

या जंगलाच्या कडेने गणेशगुडीपासून होमस्टे, रिसॉर्ट आणि राफ्टिंगच्या तळांची रांग लागली आहे. शनिवार-रविवारी येथे गोवा, बेळगाव, हुबळीहून कुटुंबे येतात, तशाच कंपन्यांच्या सहली आणि कार्यशाळाही येतात. अशा वेळी शहरातले कार्यालयच दोन दिवसांसाठी जंगलात मुक्कामाला येते, आणि येताना आपल्या सवयी बरोबर आणते : प्रत्येक खुर्चीपुढे पाण्याची बाटली, चहासाठी कागदी पेला, साखरेची पुडी, निम्मे ताटात टाकलेले जेवण.

आपण या जागांना पर्यटनस्थळे म्हणतो. परंतु स्वयंपाकी, खोल्या आवरणाऱ्या स्त्रिया, नावाडी आणि वाटाडे यांच्यासाठी ती कामाची ठिकाणे आहेत. पाहुणे निघून गेल्यावर मागे उरलेले त्यांनाच उचलावे लागते. उघड्यावर पडलेल्या खरकट्यावर माकडे आणि रानडुकरे येतात. पाऊस पडला की प्लास्टिक ओहोळांतून नदीला मिळते.

कायदा नाही, असे नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी हॉटेलांना वर्गीकरण बंधनकारक केले होते. त्यांची जागा घेणारे नवे नियम 1 एप्रिल 2026 पासून लागू झाले असून त्यांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा अशा चार प्रकारांत कचरा वेगळा करण्यास सांगितले आहे. दिवसाला 100 किलो किंवा त्याहून अधिक कचरा करणाऱ्यांवर जादा जबाबदारी आहे. अडचण इथेच आहे. चार-सहा खोल्यांचा होमस्टे या मर्यादेजवळही पोहोचत नाही. मात्र असे अनेक होमस्टे एका खोऱ्यात एकत्र आले की त्यांचा एकूण भार मोठा होतो. तो पेलायचा कोणी? विरळ वस्तीच्या, जंगलात विखुरलेल्या तालुक्यातील ग्रामपंचायतींनी. गोव्यासारख्या राज्यालाही साळगावचा प्रकल्प उभारावा लागला, आणि तरीही पुनर्वापर न होणारा आपला सुका कचरा कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांकडे पाठवावा लागतो. मग जोयड्यातील ग्रामपंचायतीने एकटीने काय करावे?

या प्रश्नाचे मूळ किमतीत आहे, आणि ते याच खोऱ्याने पूर्वी एकदा दाखवून दिले आहे. शेजारच्या दांडेलीत 1955 मध्ये स्थापन झालेल्या कागद कारखान्याला सरकारी सवलतीत बांबू टनाला अवघ्या दीड रुपयाने मिळत असे. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांना तोच बांबू बाजारात कितीतरी पटींनी महाग पडे. पुढे बांबू झपाट्याने घटला आणि दोष गावकऱ्यांवर आला. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा निराळेच चित्र समोर आले. तोड सुलभ व्हावी म्हणून बेटांच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ केले जाई. त्यामुळे कोवळे कोंब उघडे पडत आणि जनावरे ते खात. गावकरी हेच सांगत होते. घेणाऱ्याला जवळजवळ फुकट मिळालेल्या वस्तूची नासाडी कशी होते आणि तिची किंमत भलत्यालाच कशी मोजावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आजच्या बाटलीचा हिशेब तोच आहे. विकत घेणारा वीस रुपये देतो आणि मोकळा होतो. ती गोळा करण्याचा, वाहून नेण्याचा खर्च पंचायतीच्या माथी येतो. म्हणून कचरापेट्यांचे रंग वाढवून फारसे साधणार नाही. कचरा रोखण्याची पहिली जागा खरेदीची वही ही आहे. कर्नाटक सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारी कार्यालये आणि बैठकांतून प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या हद्दपार करण्याचा आदेश दिला, तो याच दिशेचा होता.

जोयड्यात हे अवघड नाही. पाण्याचे पिंप आणि स्टीलचे पेले, मोठ्या बरणीतून साखर, आधी संख्या विचारून रांधलेले जेवण, ओल्या कचऱ्यासाठी परसात खताचा खड्डा. कुणबी घरांत पानावर जेवण वाढण्याची रीत आहे. ती पाहुण्यांनाही आवडते. सुक्या कचऱ्यासाठी मात्र होमस्टेचालकांनी एकत्र येऊन एक गाडी, एक शेड आणि ठरलेली वर्गणी यांची व्यवस्था करावी लागेल. नव्या नियमांनी डोंगराळ भागांत पर्यटकांकडून शुल्क घेण्याची मुभा दिली आहे. ते शुल्क घेतले, तर त्याचा पैसा कचरा उचलणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला पाहिजे.

आपली जबाबदारी त्याआधी सुरू होते. पणजी, मडगाव किंवा वेर्ण्यातील जे कार्यालय सहलीचे आरक्षण करते, त्याने खोल्यांच्या दराबरोबर दोन प्रश्न विचारावेत : पाणी कशातून देणार आणि उरलेला कचरा कुठे जाणार? ज्या व्यावसायिकाकडे उत्तर असेल, त्याला चार पैसे अधिक द्यावेत. ते न देता केलेली बचत आपली नसते. ती काळी नदीच्या खात्यावर उधार मांडलेली असते.