बटणाची गाडी, बंद गॅरेज
किल्ली फिरवून काढली की इंजिन बंद, हे हाताला ठाऊक असे. बटणाच्या गाडीत किल्ली खिशात घेऊन माणूस घरात येतो, इंजिन मात्र चालूच राहू शकते. हल्ली त्याचा आवाजही फारसा येत नाही. अमेरिकेत घराला जोडलेल्या गॅरेजांत अशा गाड्यांमुळे 2006 ते 2018 दरम्यान दोन डझनांहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक वृद्ध. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि बोटावरचे ऑक्सिमीटर तरीही 98 दाखवू शकते! डोके दुखते, मळमळते. पित्त समजून माणूस झोपतो. इंजिन आपोआप बंद होण्याची सोय प्रत्येक गाडीत सक्तीची हवी. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांनी घरात या वायूचा अलार्म आहे का, ते आधीच विचारावे.