केरसुणीचं चित्र कोण काढणार?

मंदीच्या काळात अमेरिकेच्या सरकारनं बेकार चित्रकारांना पगारावर लावलं. काम काय? साध्या कारागिरांनी बनवलेली खुर्ची, मडकं, गोधडी, बाहुली जलरंगात हुबेहूब उतरवायची. १९३५ ते १९४२, सुमारे १८,००० चित्रं! आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत जपलेली आहेत. पण तिथल्या मूळ आदिवासींच्या वस्तू या कामातून वगळल्या. म्हणजे गावकूस तिथंही आहेच.

आता आपलं बघा. नांदेड-लातूरकडं मांगवाड्यातली केरसुणी, वाखाचा दोर, हलगी, महारवाड्यातली घुंगरांची काठी, चांभाराची रापी. यांची चित्रं कुठायत? १९७८ ला नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यात आमची घरं पेटवली. वाकळा, सुपं, कणग्या जळाल्या. नुकसानीचे रुपये मोजता येतात. वाकळीत कुणाच्या लुगड्याचा तुकडा होता, ते कोण मोजणार?

कुणी म्हणंल, काठी अन् हलगी तर गुलामीचं सामान. खरंय. म्हणूनच काढा. दिवाणखान्यात टांगायला नको, पुराव्याला पाहिजे.

गिरणीतून रात्रपाळी सुटली की मी आईची केरसुणी काढतो. वाकडी येते. येऊ द्या. तुम्ही तुमच्या घरातलं काढा, अन् खाली बनवणाराचं नाव लिहा.