नाव खोडू नका, कोड दडवू नका

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जमीन आमच्या जिल्ह्याची, म्हणून छाती फुगवणारे पुष्कळ आहेत. पण या लहरी ज्या सॉफ्टवेअरने शोधल्या जातात त्यातले 'लालसूट' आणि 'पायसीबीसी' हे संच जीपीएल परवान्याखाली जगापुढे उघडे आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? वस्तीतला आमचा कोणताही मुलगा, कोणतीही मुलगी त्यांचा कोड उतरवून घेऊ शकते, वाचू शकते, बदलू शकते. तिथे कुणी आडनाव विचारत नाही. ज्यांना अक्षराचीच बंदी होती, त्यांच्या नातवंडांसाठी ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र फुकट म्हणजे बेवारस नव्हे, आणि इथेच आमची मुले चुकतात. १४ एप्रिल जवळ आला की नवी ॲप निघतात. मुक्त कोड उचलायचा, वरचे मूळ लेखकाचे नाव खोडायचे, आपले टाकायचे, की झाले! असे करणारे आमचेच आहेत, म्हणून आम्ही गप्प बसावे काय? राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हा अन्याय आमच्या बापजाद्यांनी सोसला आहे. 'द बुद्धा अँड हिज धम्म' १९५७ साली छापला गेला तेव्हा बाबासाहेबांनी प्रस्तावनेत मानलेले आभार वाचकांपर्यंत आलेच नाहीत. ते सल आजही ज्यांना आहे, त्यांनी दुसऱ्याचे नाव खोडताना हात आखडावा.

परवाना काय मागतो? एमआयटी किंवा अपाचे असेल, तर मूळ लेखकाची हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. जीपीएल असेल, तर ॲप ज्याला दिले त्याला बदलांसह पूर्ण कोड मिळाला पाहिजे, आणि तोही त्याच परवान्याखाली. घरच्या संगणकावर वापरलेत तर हे बंधन नाही; दुसऱ्याच्या हाती दिलेत की लागू होते. प्ले स्टोअरवर टाकणे म्हणजे हाती देणेच. पैसे घ्यायला जीपीएलची ना नाही, कोड दडवायला आहे.

ही नुसती सभ्यतेची बाब आहे असे समजू नका. खेळण्यातल्या रेल्वेच्या एका मुक्त सॉफ्टवेअरवरून अमेरिकेत खटला झाला. अशा परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे तिथल्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले.

जयंती समित्यांनी यंदा ॲप करून घेताना एवढे करावे: कोणाचा कोड घेतला आणि कोणत्या परवान्याखाली, याची यादी मुलांकडून लिहून घ्यावी. ती ॲपमध्येच एका पानावर, वर्गणीदारांच्या नावांच्या आधी छापावी.