अंगभर कपड्यांतही घाम येतो

‘जिमला येताना लाज घरी ठेवून या,’ असा उपदेश करणारे एक व्यायाममार्गदर्शक सध्या आमच्या भागात फार लोकप्रिय आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या बायकांना व्यायामाला सैल टी-शर्ट आणि ट्रॅकपँटच लागते, त्यांना व्यायाम मनापासून करायचाच नसतो. घट्ट कपड्यांशिवाय शरीराची स्थिती बरोबर आहे की नाही ते कळत नाही. सैल कपडे यंत्रात अडकतात. आरशात स्वतःचं शरीर दिसलं नाही, तर ते सुधारावंसं वाटत नाही. जिममध्ये कोणी कोणाकडे बघत नाही. आणि अंगभर कपड्यांचा आग्रह हा निव्वळ जुनाट संस्कार आहे, तो टाकल्याशिवाय बाई मोकळी होणार नाही. त्यांच्या भाषणात यावर टाळ्या पडतात. मात्र त्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेली, गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलेली एखादी पन्नाशीची बाई मनाशी ठरवून टाकते की हे आपल्यासाठी नाही. माझा राग त्या टाळ्यांवर आहे.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढते. जिममध्ये कोणी बघत नाही, असं ज्याच्याकडे कधी कोणी टक लावून पाहिलेलं नाही तोच म्हणू शकतो. शिवाय आता माणसाने नाही पाहिलं तरी मोबाइल पाहतो. समोरचा मुलगा स्वतःच्या दंडांचं रील काढतो आणि मागे स्क्वॉट मारणारी बाई तिला न विचारता त्या रीलमध्ये जाते. आरशाचं म्हणाल, तर ताकद वाढते आहे की नाही हे वहीत लिहून ठेवलेल्या वजनांवरून जास्त नीट कळतं. सैल कपडे यंत्रात अडकतात हे मात्र अर्धं खरं आहे. ओढणी घेऊन ट्रेडमिलवर चढू नये. पायघोळ पलाझो सायकलच्या पेडलमध्ये गुंततो, लांब कुर्त्याचा घेर रोइंग मशीनच्या सरकत्या सीटखाली सापडतो. पण यावरचा उपाय एवढाच, की ओढणी काढून ठेवावी आणि घोट्याशी पट्टी असलेली ट्रॅकपँट घालावी. तिथून थेट कातडीला चिकटलेल्या कपड्यांपर्यंत उडी मारायला कुठलंही यंत्र आपल्याला भाग पाडत नाही.

आता त्यांच्या लाडक्या मुद्द्याकडे येते. घट्ट कपड्यांशिवाय म्हणे स्थिती दिसत नाही. हे वाक्य शास्त्रीय वाटतं, म्हणून त्यापुढे बायका गप्प होतात. लाजेवर वाद घालता येतो, पण दुखापतीच्या भीतीपुढे कोण काय बोलणार? म्हणून या मुद्द्याची नीट तपासणी व्हायला हवी.

कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सात वाजता जाऊन पाहा. निम्मे पुरुष गुडघ्याच्या खाली येणाऱ्या ढगळ शॉर्ट्स आणि कॉलेजचे जुने टी-शर्ट घालून बार उचलत असतात. त्यांची स्थिती मार्गदर्शकांना व्यवस्थित दिसते. ‘मला तुमची कंबर दिसत नाही, उद्यापासून घट्ट कपडे घालून या,’ असं एखाद्या पुरुषाला सांगितलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. नियम शरीरशास्त्राचा असेल, तर तो पुरुषाच्या गुडघ्याला लागू का होत नाही? एकाच खोलीत एकाच व्यायामाला दोन नियम लागत असतील, तर त्या नियमाचा उगम शरीरशास्त्रात नाही.

मुळात स्थिती तपासायची म्हणजे काय पाहायचं असतं? स्क्वॉटमध्ये टाचा जमिनीला टेकलेल्या आहेत का, गुडघे पंजांच्या दिशेने जातात की आत कोसळतात, खाली गेल्यावर कंबर गोल होते का. डेडलिफ्टमध्ये बार नडगीला धरून सरळ वर येतो का, पाठ सपाट राहते का. वजन डोक्यावर नेताना कोपर कुठे जातं, बरगड्या पुढे फेकल्या जातात का. घोटा, गुडघा, खुबा, खांदा आणि कोपर यांची दिशा, आणि कण्याची रेषा, एवढंच पाहायचं असतं. मध्यम सैल टी-शर्ट आणि घोट्याशी आवळलेली ट्रॅकपँट यांतून ते सगळं दिसतं. टी-शर्ट अगदीच ढगळ असला तर कमरेचा बाक झाकला जातो, हे खरं. मग तो खोचायला सांगा, मागे गाठ मारायला सांगा. तेवढ्याने काम होतं.

ज्या शाखांत स्थितीचं काटेकोरपण सर्वांत जास्त, तिथला पोशाख पाहा. ज्युदोची शाळा १८८२ मध्ये टोकियोत सुरू झाली. पाय अंगुळभर चुकला तर माणूस जमिनीवर आपटतो अशी ही विद्या, आणि तिचा पोशाख जाड, सैल, अंगभर आहे. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. बी. के. एस. अय्यंगारांच्या परंपरेतल्या योगवर्गात गुडघ्याची वाटी वर ओढली आहे की नाही इथपर्यंत शिक्षकाची नजर असते. त्या वर्गातली ओळखीची चड्डी मांडीशी इलॅस्टिक असलेली, फुगीर, सैल असते. शिक्षकाला गुडघा दिसायला हवा होता, म्हणून गुडघा उघडा ठेवला. मांडीला कापड चिकटवण्याची गरज त्या परंपरेला वाटली नाही.

कोणी म्हणेल, स्पर्धात्मक वेटलिफ्टिंगमध्ये पंचांना कोपर आणि गुडघा पूर्ण सरळ झालेला दिसावा लागतो. बरोबर आहे. याच कारणावरून तिथे अंगभर पोशाखाला बराच काळ परवानगी नव्हती. पण २०११ मध्ये अमेरिकेतल्या कुलसूम अब्दुल्ला या मुस्लिम वेटलिफ्टरचा प्रश्न पुढे आला आणि त्या खेळाच्या जागतिक संघटनेने नेहमीच्या पोशाखाच्या आत मनगटापासून घोट्यापर्यंतचा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख चालेल असा निर्णय दिला. जिथे पदक अर्ध्या क्षणाच्या निवाड्यावर ठरतं, तिथेही हातपाय झाकून चाललं. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या जिममध्ये पाच किलोचे डंबेल उचलणाऱ्या काकूंना यापेक्षा कडक नियम लावणारे तुम्ही कोण?

या गृहस्थांनी एक प्रश्न मात्र कधी विचारलेला नाही: बाई जिमपर्यंत येते कशी? अनेक छोट्या जिममध्ये बायकांना कपडे बदलायला धड जागा नसते. म्हणजे जे कपडे घालून व्यायाम करायचा, तेच घालून जिना उतरायचा, स्कूटर चालवायची किंवा शेअर रिक्षात तिघांच्या मध्ये बसायचं, आणि परतताना त्याच घामेजल्या कपड्यांत भाजी आणि दूध घ्यायचं. तिच्या कपड्यांना जिमच्या चाळीस मिनिटांबरोबरच रस्त्यावरची वीस मिनिटंही निभावून न्यायची असतात. ज्याला तो रस्ता रोज ओलांडावा लागत नाही, तो ‘लाज घरी ठेवा’ असं सहज म्हणतो. तिने लाज घरी ठेवली तरी रस्ता बदलत नाही.

आता संस्कारांच्या आरोपाबद्दल. झाकण्याची इच्छा मागासलेली असेल, तर नॉर्वेच्या बायकांना काय म्हणायचं? जुलै २०२१ मध्ये त्यांच्या बीच हँडबॉल संघाने सक्तीची बिकिनी नाकारली आणि शॉर्ट्स घालून सामना खेळला. त्यांना १,५०० युरो दंड झाला. पुरुष खेळाडू त्याच वाळूवर शॉर्ट्समध्येच खेळत होते. पुढे नियम बदलावा लागला. त्याच वर्षी जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली आधी बाझलच्या युरोपियन स्पर्धेत आणि मग टोकियो ऑलिंपिकमध्ये घोट्यापर्यंत झाकणारा पोशाख घालून उतरल्या. बॅडमिंटनमध्ये २०११ साली बायकांवर स्कर्टची सक्ती करायचा घाट घातला गेला, तोही विरोधामुळे गुंडाळावा लागला. या बायका कोणत्या जुनाट संस्कारांच्या बळी होत्या? स्वतःच्या अंगावर काय असावं हे त्यांना स्वतः ठरवायचं होतं. मुंब्र्याची मुलगी डोक्याला स्कार्फ बांधून ट्रेडमिलवर धावते, तेव्हा तीही तेच ठरवत असते. फुटबॉलने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलने २०१७ मध्ये असा स्कार्फ मान्य केला, आणि त्या खेळांचं काहीही बिघडलं नाही.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. शिक्षिकांनी शाळेत पंजाबी ड्रेस घालावा का, यावर किती रणं माजली होती आठवा. साडीशिवाय मुलं बाईंचा मान ठेवणार नाहीत, असं तेव्हा ठासून सांगितलं जायचं. त्याआधी नऊवारीतून पाचवारीत येणाऱ्या पिढीनेही बोल ऐकले. नऊवारीचा काष्टा मारून शेतात लावणी करणाऱ्या, डोक्यावर भारा घेऊन डोंगर चढणाऱ्या बायकांचं लुगडं अंगभर होतं आणि दोन्ही पाय मोकळे होते. नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या स्पर्धेत साठी उलटल्यावर अनवाणी धावलेल्या लता करे नऊवारीतच धावल्या आणि जिंकल्या. पूर्वी ‘जास्त झाका’ म्हणणारे होते, आज ‘कमी झाका’ म्हणणारे आहेत. दोघांचीही खात्री असते की बाईच्या कपड्यांचा निर्णय त्यांच्याकडे आहे. म्हणून माझा लेख हातात धरून ‘बघा, आम्ही म्हणत होतो, घट्ट कपडे वाईटच’ असं म्हणणाऱ्यांनाही मी इथेच थांबवते. शेजारच्या यंत्रावर जी मुलगी लेगिंग्ज आणि स्पोर्ट्स ब्रामध्ये व्यायाम करते, तिच्या कपड्यांत मला काहीही गैर दिसत नाही. तिला जो हक्क आहे तोच मला हवा आहे.

या मार्गदर्शकांनी दुकानांचा विषय टाळला, पण खरी अडचण तिथेच आहे. बायकांच्या विभागातले व्यायामाचे टी-शर्ट बेंबीशी संपतात, बाह्या खांद्याखाली चार बोटं, गळा खोल, आणि कापड इतकं पातळ की वाकलं की आतलं सगळं दिसतं. मोठ्या मापात जावं तर लांबीऐवजी गळाच मोठा होतो. शेवटी बायका पुरुषांच्या विभागातून टी-शर्ट आणतात, जो छातीला बसला तर कमरेला अडतो. किंवा घरातला जुना सुती कुर्ता घालतात. सुती म्हणजे साधं आणि सोज्वळ, असा आपला समज आहे. पण नेहमीच्या हवेतही सुती धागा वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पातळ सुती कुर्ता घामाने जड होतो, अंगाला चिकटतो आणि पारदर्शक होतो. ज्या कारणासाठी तो घातला, नेमकं तेच तो करत नाही.

मग काय हवं, ते सांगते. घाम पसरवून वाळवणारं विणीचं कापड, उजेडात धरल्यावर आरपार न दिसणारं. टी-शर्ट नितंब झाकेल एवढा लांब, मागे पुढच्यापेक्षा थोडा जास्त, बाजूला चार बोटांची चीर म्हणजे पाय अडणार नाही. कोपरापर्यंत बाही, बंद गळा. खाली ट्रॅकपँट: कमरेला आतून नाडी, दोन पायांच्या मध्ये चौकोनी जोड म्हणजे बसताना शिवण ताणणार नाही, घोट्याला पट्टी, आणि किल्ली-मोबाइल मावेल असा चेन असलेला खिसा. राखाडी रंगावर घाम सगळ्यात जास्त दिसतो. गडद निळा किंवा काळा बरा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, तिथे कापड आणि अंग यांच्यात हवा खेळेल एवढी जागा हवीच. विकत घेण्याआधी ट्रायल रूममध्ये पूर्ण खाली बसून, हात वर करून आणि पुढे वाकून पाहावं. धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घालू नये, त्याने कापडाची घाम शोषायची क्षमता जाते.

यातलं काहीही अवघड नाही. तमिळनाडूतलं तिरुप्पूर जगभरच्या ब्रँडांसाठी विणीचे कपडे शिवतं. तिथल्या कारखान्यांना टी-शर्ट सहा इंच लांब कापायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये धावताना त्रास होतो म्हणून बायकांनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप एकमेकांना शिवले, आणि त्यातून आजची स्पोर्ट्स ब्रा आली. बाजाराने ती आपण होऊन दिलेली नव्हती. ज्यांना हवी होती त्यांनी मागितली, शिवली आणि विकून दाखवली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दुकानदारांनी बायकांच्या विभागात लांब, बंद गळ्याचे, मोठ्या मापांचे टी-शर्ट ठेवावेत. जिमच्या मालकांनी कडी लागणारी एक चेंजिंग रूम द्यावी आणि दुसऱ्याचं चित्रण करणाऱ्याला दाराबाहेर काढावं. आणि मार्गदर्शकांनी बाई आत आली की तिचा गुडघा, तिची टाच, तिचा कणा पाहावा, कपड्यांचं तिला ठरवू द्यावं. ती आली आहे, तिला ताकद हवी आहे. तिला वजन नीट उचलायला शिकवणं एवढंच तुमचं काम आहे.