गारपिटीचे नकाशे गावच्या ग्रुपवर. पण वेळ कुठली अन् उंची कुठली?

फेब्रुवारी संपत आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर लाल-जांभळे नकाशे फिरायला लागतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट मराठवाडा-विदर्भ विसरलेला नाही. त्यामुळे नकाशा दिसला की घरात चर्चा सुरू, हरभरा आत्ताच सोंगायचा का? कच्चा काढला तर दाणा बारीक राहतो, उभा ठेवला अन् गारा पडल्या तर घाटे मातीत.

हे नकाशे काही गुपित नाहीत. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा डेटा दिवसातून चार वेळा फुकट मिळतो. ग्रॅड्स हे सॉफ्टवेअरही फुकट. थोडं शिकलं की कोणीही घरबसल्या नकाशा काढू शकतो, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. घोळ होतो तो वाचण्यात.

नकाशावर '१२ झेड' असतं, लोक दुपारचे बारा समजतात. ती ग्रीनिचची वेळ, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच.

त्याहून मोठा घोळ उंचीचा. ८५०, ७००, ५०० हे आकडे हवेच्या दाबाचे, म्हणून आकडा लहान तितकी उंची जास्त. ८५० म्हणजे साधारण दीड किलोमीटर, ७०० म्हणजे तीन, ५०० म्हणजे साडेपाचच्या वर. गारपिटीला एक थर बघून भागत नाही. खालच्या थरात समुद्राकडून आलेला दमट वारा लागतो, अन् वर ५०० च्या आसपास थंड हवा घेऊन आलेली पश्चिमेकडची द्रोणी. दोन्ही जुळले तर ढग उंच चढतो. ग्रुपवर मात्र एकच नकाशा येतो, तोही थराचा आकडा कापलेला! रंगाची पट्टी तर काढणाऱ्याच्या हातात. पाच मिलिमीटर पावसाला पिवळा द्यायचा की लाल, हे तोच ठरवतो.

मग 'अमुक गावाला गारा' हे कुठून येतं? जीएफएसचा नेहमी वापरला जाणारा डेटा पाव अंशाचा, म्हणजे जवळपास २७ किलोमीटरवर एक ठिपका. गारांचा पट्टा बऱ्याचदा दोन-चार किलोमीटर रुंद असतो. पुण्याच्या आयआयटीएमने तयार केलेलं, मे २०२५ पासून हवामान खात्याकडे असलेलं भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरपर्यंत आलंय. तरी गाव नेमकं सांगणं त्यालाही अवघडच.

नकाशाने चार-पाच दिवस आधी सावध करावं, इतपत त्याचं काम. ऐनवेळी बघायचा तो हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा. आणि फॉरवर्ड आलेल्या नकाशाच्या कोपऱ्यात डेटा कोणत्या दिवसाचा आहे ती तारीख असते. ती नसेल तर त्याच्यावर विळा काढू नये.